मार्चचा अंदाज आणि मिरचीची रोपं

आमच्याकडे जानेवारीचे पहिले बारा दिवस बघतात. एकेक दिवस एकेका महिन्याचा. तिसरा दिवस जसा जाईल तसा मार्च. यंदाचा तिसरा उबदार गेला, म्हणून मी ठरवलं, संत होसेच्या सणाला, एकोणीस मार्चला, मिरचीची रोपं वाफ्यातून रानात न्यायची. बी माझ्या आईचं. चाळीस वर्षं मी त्यात दुसरी मिरची मिसळू दिली नाही, आणि यंदा घरात होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलं होतं.

सून ओब्दुलिया म्हणाली, "आई, थांबा जरा. अजून दव गोठतंय. एप्रिल लागल्याशिवाय भरवसा नाही."

"तिसरा दिवस उबदार होता. मी शालसुद्धा घेतली नव्हती."

"कशाला घ्याल? त्या दिवशी नातीचा बाप्तिस्मा. सकाळपासून तुम्ही मोलेचा रस्सा ढवळत चुलीपुढे! तीन चुलींची धग. बाकीच्या बायका अंगणात कुडकुडत होत्या."

"तुझं माहेर शहरातलं. तिथं मिरची बाजारातच उगवते."

मुलगा फिदेन्सियो ताटात बघून हसला. कोणाला, ते त्यालाच ठाऊक.

एकोणीसला लावणी केली. शेवटच्या दोन वाफ्यांना मात्र ओब्दुलियानं हात लावू दिला नाही. "ती रोपं बोटाएवढीच आहेत," म्हणाली. खोटं. चांगली वीतभर होती. पण मजुरांपुढे घरातली भांडणं नकोत म्हणून मी सोडून दिलं.

आठव्या दिवशी पहाटे रानात गेले, तर पानं हिरवीच, पण काचेसारखी कडक. ऊन चढलं तशी काळी पडून लोंबली, उकडलेल्या पाल्यासारखी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रोप वाचलं नाही.

घरी आले. ओब्दुलिया त्या दोन वाफ्यांवर घातलेलं वाळलं गवत काढत होती. खाली रोपं ताठ. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"किती आहेत?"

"सहाशेच्या आसपास. विकायला नाही, पण बियाला पुरतील."

"कधी लावायची?"

"तुम्ही सांगाल तेव्हा, आई."

"मी तुला विचारतेय ना!"

"बारा एप्रिल," ती म्हणाली.

बाराला लावली. मजूर तिला विचारत होते, मी मागून पाणी घालत होते. तिसरी ओळ वाकडी चालली होती, ते मात्र मी सांगितलंच.