नरसीचा पत्ता

रागिणीच्या थुंकीत टीबी निघाला, तेव्हा चांगुणाबाईनं सुनेच्या दवाखान्याच्या कागदावर नरसीचा, म्हणजे रागिणीच्या माहेरचा पत्ता लिहून दिला. धाकट्या लेकीची सोयरीक चालू होती. जवळा बाजार गावातल्या आपल्या दारात दवाखान्याची माणसं नको होती. नवी सून पहिलं बाळंतपण माहेरी करते, तसं दुखणंही माहेरचंच.

तपासणीवाले नरसीला गेले. आई, बाप, भाऊ सगळे साफ. इथं, सासरी, कोणीच आलं नाही.

मग दुसरा रिपोर्ट आला. आशा सेविका हुमेराचा फोन.

"वैनी, नेहमीच्या गोळ्या तुमच्या टीबीला चालत न्हाईत. आधी कधी अर्ध्यात सोडल्या व्हत्या का?"

"आधी घेतल्याच न्हाईत, ताई."

"मंग कुणीतरी सोडल्या आसतील, अन् त्याचा आजार तुमाला आला. नरसीत तर कोणी सापडंना."

रागिणीनं ओसरीकडं पाहिलं. दोन वर्षांमागं बरं वाटलं म्हणून टीबीच्या गोळ्या अर्ध्यात फेकणारे सासरे, ज्ञानबा, खोकत बसले होते. मांडीवर तिची दीड वर्षाची लेक, त्यांच्या हातचं उष्टं बिस्कीट चोखत. महिनाभर रागिणीनं मास्क लावून लेकीला पाजलं होतं, एक पापा घेतला नव्हता.

"ताई, तो पत्ता खोटा हाय. उद्या जवळा बाजारला या."

सकाळी हुमेरा दारात उभी.

"काहून आलीस?" चांगुणाबाई कडाडली. "रागिणे, गावभर बोंब करतीस? पोरीची सोयरीक मोडंल!"

"मोडू द्या, आत्याबाई. माझं लेकरू मोडू देणार न्हाई मी."

"मला विडीचा खोकला हाय," ज्ञानबा म्हणाले.

"बराबर, बाबा," हुमेरानं डबी पुढं केली. "मंग विडीच तपासू. थुंका."

ज्ञानबांनी तोंड फिरवलं. रागिणीनं लेक उचलून कडेवर घेतली.

"मामंजी, तपासणी होईस्तोवर पोर तुमच्याकडं येणार न्हाई. मला हाकला, माहेरी धाडा, काय करायचं ते करा. तिचीबी तपासणी उद्या हिंगोलीत करून घेणार हाय मी."

लेक आजोबाकडं हात पसरून हंबरडा फोडू लागली. चांगुणाबाई पुढं आली; रागिणी आडवी उभी राहिली.

ज्ञानबांनी नातीकडं बघितलं. मग डबी घेतली आणि गोठ्यामागं गेले. लगेच परतले.

हुमेरानं डबी उजेडात धरली. "ही नुसती लाळ हाय, बाबा. छातीतनं काढा."

"पुन्हा जा, मामंजी," रागिणी म्हणाली.