'बा' किती लांबला

बंदुकीची नळी माझ्या पोटाच्या उंचीवर होती, आणि नेमकी तेव्हाच स्वरूपाने माझ्याकडे बघून मान तिरकी केली.

तिची ती मान मी कित्येक महिने टाळत आले होते. ती कलायला लागली की मी ओट्याकडे वळायची, कपड्यांच्या घड्या घालायला घ्यायची, काहीही. चार वर्षांची पोर. एरवी सगळ्यांना नावाने हाका मारते. पण मान अशी कलली की समोरचा माणूस मरतेवेळी ज्या वयाचा असेल तसा तिला दिसतो. कोनबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, गल्ल्यावरचा कोवळा पोरगा तिला ओजीसान, म्हणजे आजोबा. केदार, तिचा बाबा, तोही ओजीसान. आरशातल्या स्वतःला तर ती खदखदून, लांबच लांब ओढून ओबाऽऽसान म्हणाली, आजीबाई. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. पार्सल आणणाऱ्या मुलाला मात्र तिने नुसतं ओनीसान म्हटलं. दादा. पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा आला. पहिला ट्रकखाली गेला होता.

केदारला सांगितलं तर तो हसला. "अगं, ओबासान म्हणजे मावशी आणि ओबाऽसान म्हणजे आजी. फरक काय, तर 'बा' किती लांबला. इतकी वर्षं इथे राहून तुला तो ऐकू येत नाही, आणि मरणाचं काय घेऊन बसलीस?"

खरंच येत नाही. आपला आ मुळातच दीर्घ.

आमच्या कावासाकीच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाटल्यांच्या कचऱ्याचा वार होता. पिशवी घेऊन, स्वरूपाचा हात धरून उतरत होते, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुसाका-सान पायरीवर बसलेले. ऐंशी ओलांडलेले, एकटे. पूर्वी रानडुकरांची शिकार करायचे. परवान्याच्या परीक्षेत त्यांना आज वार कुठला तेही सांगता आलं नव्हतं, आणि आज पोलीस बंदूक न्यायला येणार हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. ती कपाटात कुलपाआड असेल असं मी धरून चालले होते.

"घ्यायला आलात?" त्यांनी विचारलं. बोट चापावर होतं.

स्वरूपा मरणार नाही, हे मला माहीत होतं. पण जगेल कशी, ते आरशाने कुठे सांगितलं होतं? मी तिला मागे ओढलं. ती माझ्या कमरेशेजारून डोकावली, मान तशीच कललेली, नजर वर माझ्याकडे, आणि मला म्हणाली,

"ओबासान."

की ओबाऽसान? कानांत माझंच रक्त धडधडत होतं. 'पुन्हा म्हण' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. 'बा' आखूड निघाला असता तर माझा पाय उचलला नसता.

"कुसाका-सान, मी वरची. दीप्ती."

"दीप्ती कोण?"

"जिला तुम्ही कचऱ्यावरून रागावता ती."

पिशवी पुढे धरून मी एक पायरी उतरले. मग आणखी एक. नळी पिशवीला टेकली, आतली बाटली कुरकुरली. त्यांची नजर माझ्यावरून पिशवीवर गेली.

"झाकणं," ते म्हणाले.

"हं?"

"झाकणं काढलेली नाहीत. लेबलंही तशीच. किती वेळा सांगायचं, दीप्ती-सान?"

"चुकलं माझं."

"दर वेळी चुकतं."

त्यांनी बंदूक मांडीवर घेतली, मधोमध उघडली. आतून दोन काडतुसं काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू विचारलं, "ही कुठल्या वारी टाकायची?"

"मी बघते ते."

त्या जिन्यात 'बा'ची लांबी ओळखणारा कान एकच होता.

"कुसाका-सान," मी विचारलं, "आत्ता ही मला काय म्हणाली?"

त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या चढल्या, ओठ हलले.

"कोण?" ते म्हणाले.

खाली बुटांचा आवाज झाला; एकाहून जास्त माणसं चढत होती. कुसाका-साननी बंदूक शेजारी निजवली, माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि एकेका बाटलीचं झाकण फिरवायला लागले. स्वरूपा त्यांच्या पायरीवर जाऊन बसली. तिने फ्रॉकचा ओचा पसरला, आणि ते त्यात एकेक झाकण टाकत राहिले.