इरिनीबाईंच्या लिंबाचं पाणी

वरच्या मजल्यावरच्या इरिनीबाईंचं पत्र लिंडसे पेटिफर मास्तरांच्या जाड शब्दकोशात उन्हाळा संपल्यापासून पडून होतं. पत्र कसलं, चार ओळी. "मास्तर, माझ्या लिंबाचं पाणी तुमच्या खोलीत गळतं का? खरं सांगा. गळत असेल तर झाड तोडते. तुम्हाला त्रास नको." ते लिंबोणीचं झाड बाईंच्या नवऱ्याने, स्टेलिओसने, वारण्याच्या आदल्या वर्षी बाल्कनीतल्या कुंडीत लावलेलं.

गळत तर होतं. हो म्हणावं तर झाड जाणार, नाही म्हणावं तर खोटं. मास्तरांनी कितीतरी मसुदे फाडले आणि उत्तर राहूनच गेलं.

पाणी मात्र थांबलं नाही. ते पुस्तकांच्या कपाटाकडे सरकू लागलं, तेव्हा मास्तरांनी झाडाचं नाव न घेता विम्यावाल्यांना फोन केला. केल्विन नावाचा तरुण आला. त्याने छताला टेप लावून पाहिली.

"हे बघ दोस्ता, फरशीवरचं पाणी वरच्या बाईंचं. फरशीच्या आतलं सोसायटीचं. तुझ्या पुस्तकांवर पडलं की तुझं."

"आणि मधल्या हवेतलं?"

"हवेतल्याला विमा नाही."

मास्तरांनी चाचरत बादली दाखवली. "ते सरळ यातच पडतं. पुस्तकांना लागत नाही."

"मग ते अजून बाईंचंच! फेकू नकोस हां. दुसऱ्याची वस्तू आहे, परत दे."

दुसरा कुणी हसला असता. मास्तर मात्र ग्रंथालयाचं पुस्तकही मुदतीआधी परत करणारे. ते रोज सकाळी बादली घेऊन जिना चढू लागले.

त्या वर्षी पाऊस नव्हता. झाडांना नळीने पाणी घालायला बंदी होती आणि सगळं मॅरिकविल उपनगर न्हाणीत बादली ठेवून अंघोळीचं पाणी बागेत ओतत होतं. इरिनीबाईंचा ऊर भरून आला.

"अहो मास्तर, माझ्या झाडासाठी? तुम्ही अंघोळ तरी पोटभर करता ना?"

"हो, हो," मास्तर म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. बाईंनी तिळाची बिस्किटं हातावर ठेवली, बादली लिंबाला ओतली. मास्तर खाली येऊन रिकामी बादली जागेवर ठेवतात न ठेवतात तोच टप्प.

असं बरेच दिवस चाललं. मग बादलीला बाई लिंबाला घालत त्या समुद्रशेवाळाच्या खताचा वास येऊ लागला. केल्विन पुन्हा आला, त्याने नाक आत घातलं आणि घाईघाईने वर जाऊन आला.

"अरे, हे तर तेच पाणी! तू नेतोस, ती घालते, तू नेतोस. आधी तिचं होतं, कबूल. पण आता आणून देणारा तू. म्हणजे दोस्ता, तूच तुझ्या घरात गळतोयस. दावा कुणावर लावू, तुझ्यावर?"

"मग काय करायचं?"

"झाड तोडायचं. बाई तयार आहेत. पुढच्या आठवड्यात माणसं येतील."

मास्तर धावत वर गेले. इरिनीबाई लिंबाचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"उत्तर आलं नाही, म्हणून मी समजले गळत नाही," त्या वळून न बघता म्हणाल्या. "तोंड उघडायला काय झालं होतं? मी काय खाणार होते तुम्हाला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द आला तो भलताच. "अंघोळ..."

"जा, करा मग अंघोळ!"

ते खाली आले आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसले. समोर त्यांचं फरसबंदी अंगण होतं. वर मोकळं आकाश, खाली नुसती जमीन. तिथे त्यांनी कधी काही लावलं नव्हतं; बाहेर उभं राहिलं की शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. ते बराच वेळ त्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिले. मग आत जाऊन त्यांनी कागद घेतला.

"इरिनीबाई, हो, गळतं. झाड तोडू नका. माझ्या अंगणाखाली कुणी राहत नाही, लिंबू तिथे आणू. पाणी घालायला मात्र तुम्हाला रोज यावं लागेल."

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं.

पत्र एक जिना चढून दाराखालून सरकवता आलं असतं. पण तसं सरकवलेलं पत्र आपण पट्टीने परत ओढून काढू, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेले आणि पत्र आत टाकलं. मग फटीत बोटं घालून पाहिली. हात पोचत नव्हता.