एकच वाचक

रेणूचं कॉलेज मंगरूळपीरला, पण यंदा तिचा वर्ग भरायचा तो आसेगावजवळच्या तिच्या तांड्यात, सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर. रेंज तेवढी तिथंच यायची. आई जमनाबाई ऊसतोडीला गेलेली, बाप भाऊसिंग लकव्यानं खाटेवर. त्याला टाकून पोर कॉलेजात जाणार कशी? धम्मरत्न सर एम.ए.चा प्रत्येक धडा ब्लॉगवर लिहून ठेवत, म्हणून तिचं शिक्षण तगलं होतं.

आज सकाळी तिनं ब्लॉग उघडला. सरांनी लिहिलं होतं, 'वाचणारं एकच कोणी दिसतं. आज संध्याकाळी हा ब्लॉग बंद करतो.'

तो एकटा वाचक म्हणजे रेणूच. बाकीची मंडळी वाचत नव्हती असं थोडंच! रेणू प्रत्येक धड्याचे स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायची आणि सगळे तेच वाचून पास व्हायचे. दुसऱ्यांचं नेट खर्च होऊ नये म्हणून केलेलं पुण्य असं अंगाशी आलं.

तिनं सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"बाई, वाचतो वाचतो असं सारेच मले सांगतात," सर थकल्या आवाजात म्हणाले. "वाचता, तं खाली दोन ओयी लिहाले काय होते? भिताडाशी बोलल्यासारखं वाटते मले. संध्याकाळपर्यंत पाच जनांनी लिहून दाखवा, मंग पाहू."

अख्ख्या वर्गातून पाच माणसं मिळणार नाहीत? रेणूनं आधी स्नेहाला फोन केला.

"अवं, तू फोटो टाकतेच ना, मंग मी कायले उघडू?"

विनोद म्हणाला, "काही चुकलं तं सारं कॉलेज हासते. मले नाई जमत बाप्पा."

ती रडली, हातापाया पडली. बाकीच्यांनी 'पाहतो' म्हणून वाटेला लावलं. दुपार झाली तरी ब्लॉगखाली एक अक्षर उमटलं नव्हतं. रेणूला सगळ्यांचा भयंकर संताप आला. मग आठवलं, तिनं स्वतः तरी कधी एक ओळ लिहिली होती? तांड्यावरच्या पोरीची मराठी वाचून कोणी हसेल, याच भीतीनं तीही गप्प राहिली होती.

ती लिहायला बसली. 'सर, मी रेणू. हा ब्लॉग हेच माझं कॉलेज आहे.' खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. असं करता करता ऊन कलंडलं.

"रेणू, वं रेणू!" बापाची हाक आली. ती पळत घरी गेली, त्याला कुशीवर वळवलं, पाणी पाजलं, अंथरूण बदललं आणि धापा टाकत ओट्यावर परतली. या खेपेला काही न खोडता तिनं बटण दाबलं.

पडद्यावर उमटलं, 'हा ब्लॉग काढून टाकला आहे.' तिनं पुन्हा दाबलं, फोन बंद करून चालू केला, महाराजांच्या पायरीवर डोकं टेकलं. सरांचा फोन लागेना. परीक्षा तोंडावर आलेली आणि अर्धे धडे सरांनी अजून लिहायचेच होते. आता शिकायचं कुठून? ती तिथंच हमसून हमसून रडली.

फोन वाजला. सर असतील म्हणून तिनं घाईनं पाहिलं. ग्रुपवर स्नेहा होती.

'रेणू, आजचा फोटो टाकला नाई वं अजून? आमी सारे वाट पाहून राह्यलो.'