नाकावरचं पान

सव्वीस वर्षं मी मिश्तेकाच्या डोंगरात गुरांचं रक्त पिणारी वटवाघळं मारतोय. आता जीव विटलाय. विषारी मलमाचा डबा घ्यायचा, जीप हाकायची, चाव्यातून रेबीज होऊन गाय लुळी पडली त्या गावात जायचं.

दोमितिलामावशीच्या गावात यंदा तीन गुरं मेली. मला पोचायला आठवडा लागला, तोवर गुहेचं तोंड धुरानं काळं झालं होतं. आत शेकडो वटवाघळं मरून पडलेली. एक उचललं. नाकावर टोकदार पान, लांब जीभ, तोंडाला पिवळे पराग. फुलांवर जाणारी होती बिचारी. रक्तपिपासू एकही नाही.

"कुणी केलं हे?"

"मीच," मावशी म्हणाली. "जुने टायर आणि दोन पोती सुक्या मिरच्या जाळल्या. गाव अजून खोकतंय."

"मावशी, तुमच्या पितायाच्या निवडुंगाला यांच्यामुळेच फळ धरतं हो."

"तुम्हीच सांगितलंत ना साहेब, मागच्या खेपेला शाळेच्या अंगणात? रक्त पिणारी पाननाक्यांच्या कुळातली म्हणून? आम्ही नाक बघितलं, पान दिसलं. मग काय, मांडीवर घेऊन थोपटायचं?"

मला मान वर करवेना. शहाणपणा मिरवायची खोड माझीच. "कुळ एकच," मी म्हणालो. "पण रक्त पिणाऱ्यांचं पान झिजलेलं असतं, नाक नकटं. ते सांगणारच होतो, तेवढ्यात जेवायला हाक आली. भूक लागली होती, उठलो."

ती पाठ फिरवून गोठ्याकडे निघाली.

तिच्या गोठ्यामागे कोरडी विहीर आहे. तळाला पचलेल्या रक्ताची डांबरासारखी काळी घाण, आणि वर कपारीत नकटे लटकलेले. तिची एकुलती गाय मोरा, तिच्या मानेवर ताजा चावा. मी चाव्याभोवती मलम फासलं. पुन्हा प्यायला येतील, अंगाला माखून घेतील, एकमेकांना चाटून मरतील. एवढं काम मला येतं.

"मोरा वाचेल?"

"लस टोचतो. वाचेल बहुतेक."

"आणि पिताया? मे महिन्यात ती विकून माझं वर्ष निघतं."

ती निवडुंगाच्या रांगेत शिरली. धुराला पाच दिवस झाले होते. तिनं एका सुकल्या फुलाला बोट लावलं, ते फळ न धरताच देठासकट हातात आलं. दुसरंही आलं. तिसऱ्याला तिनं हात लावला नाही.

"पुढच्या गावात बोलायला उभे राहाल," ती म्हणाली, "तेव्हा आधी जेवून घ्या, साहेब."