कागदाची वेलांटी

सुनेनं कात्रीचं टोक खोक्यावरच्या चिकटपट्टीत खुपसलं आणि पट्टी एका ओढीत फाडली. आतल्या यंत्रातून कुणाच्या पदरात काय पडणार, हे तिच्या डोक्यात तोवर मांडून झालं होतं. ननंदेला मिळणार होतं आईसाठी काहीतरी केल्याचं समाधान, तेही घरबसल्या. नवऱ्याला मिळणार होतं बिनकुलपाचं दार, आणि ऑफिसात बसून आईविषयी हळवं व्हायची मोकळीक. आणि तिला स्वतःला, सगळं जमून आलं तर, दुपारी सव्वादोन ते सव्वाचार सलग झोप. तिघांत तिची मागणी सगळ्यात लहान होती, आणि ती पुरी होण्याची आशाही तेवढीच.

"निघालं का गं, वहिनी?" साखरेच्या बरणीला टेकवलेल्या फोनमधून ननंद म्हणाली.

"निघालं. थर्माकोलच जास्त आहे."

"जपून हं. एकदाच वापरलंय मी. अगदी नव्यासारखं आहे."

ते खरं होतं. शुभेच्छापत्रांचा घरगुती उद्योग काढायचा म्हणून ननंदेनं दोन वर्षांपूर्वी हे कागद कापणारं यंत्र घेतलं होतं. एक शुभेच्छापत्र करून झालं होतं आणि ते कुणाला द्यावं याचा विचार अजून चालू होता. मग तिच्या वाचनात आलं, की विसरायला लागलेल्या माणसांच्या घरात दारांवर ठळक अक्षरं लावली तर त्यांना वाट सापडते. तिसऱ्या दिवशी खोकं दारात हजर. ननंदेला स्वतःला यायचं तर तीन तासांचा प्रवास होता.

"मी आलेच असते गं, पण..."

"असू दे, ताई."

हे 'असू दे' सून इतक्या वेळा म्हणाली होती, की आता त्याचा अर्थ फक्त 'पुढे बोला' एवढाच उरला होता.

आतल्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. आजूबाजूचे सगळे त्यांना बाई म्हणत, आणि आता घरातही तेच चालत होतं, कारण 'आई' अशी हाक मारली की कुणाची आई आली ते बघायला त्या मागे वळत. रात्री बाई घरभर फिरत आणि सून त्यांच्या मागे फिरे. दिवसा दोन वाजले की बाई केस नीट करत, पर्स काखेत मारत आणि सव्वादोनला दुपारच्या शाळेला निघत. निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती. एकदा त्या बसथांब्यावर सापडल्या. एकदा फळवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. एकदा तीन तास सापडल्याच नाहीत. त्यानंतर दाराला कुलूप लावून पाहिलं, तर बाईंनी आतून "मला कोंडलंय!" असा धोशा लावून चारही मजले गोळा केले. नवरा म्हणाला, "आईला कोंडायचं नाही. मला नाही बघवत ते." बघायला तो घरी नसे, ही गोष्ट वेगळी.

यंत्र शिवणयंत्राच्या झाकणाएवढं होतं. आत दोन रूळ, आणि त्यांच्यावर पेन्सिलीच्या टोकाएवढं पातं. चौकटी आखलेल्या चिकट मॅटवर सुनेनं जाड निळा कागद हातानं दाबून बसवला, मॅट रुळांखाली सरकवली आणि फोनवर 'म' टाइप केला.

"आधी एकच अक्षर काप," ननंद म्हणाली. "पात्याचा अंदाज येतो."

पहिल्या खेपेला कागदावर नुसता ओरखडा उठला. दाब वाढवला तर पातं कागद ओलांडून मॅटमध्ये घुसलं. तिसऱ्या खेपेला यंत्र घसा खाकरल्यासारखं घरघरलं आणि 'म' सुबक कापला गेला. सुनेनं तो चिमटीत धरून उचलला, तर शेंगेसारखा गोल वळला.

"कागद नाही गं उचलायचा! कागद पालथा धरायचा आणि मॅट मागे वाकवत सोलायची."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"माझंही तसंच झालं होतं. ते शुभेच्छापत्र वाकडंच आहे ना."

पुढचा 'म' सुनेनं मॅट वाकवून सोडवला. तो सपाट, धारदार निघाला. खिडकीशी जाऊन तिनं तो उजेडात धरला. बऱ्याच दिवसांत तिच्या हातून एखादी गोष्ट सुरू होऊन पूर्ण झाली नव्हती. ती जरा वेळ तशीच उभी राहिली.

मग पाट्या ठरल्या. 'मोरी', 'स्वयंपाकघर', आणि बाहेरच्या दाराला 'दुपारी बाहेर जाऊ नये'. हे वाक्य ननंदेचं. "आईला हुकूम चालत नाही, वहिनी. नियम चालतो."

उरलेल्या तीन कागदांवर यंत्रानं सगळं एका दमात कापलं आणि मॅटवर निळा भुगा पडावा तसे तुकडे पडले. काने वेगळे, मात्रा वेगळ्या, उकार वेगळे. शिरोरेषेचेसुद्धा अक्षरागणिक तुकडे.

"अगं, वेल्ड नाही केलंस?" ननंद म्हणाली.

"काय?"

"अक्षरं आधी एकमेकांना जोडून घ्यायची असतात. नाहीतर मशीन प्रत्येक काना-मात्रा सुटी समजतं. त्याला काय कळतंय ती एकाच घरातली आहेत ते."

"तुम्ही कसं केलं होतं?"

"मी इंग्रजीत केलं होतं."

कागद संपले होते, बाई उठल्या होत्या, आणि उद्या पुन्हा सव्वादोन वाजणार होते. सुनेनं डिंकाची बाटली घेतली आणि एकेक तुकडा पुठ्ठ्यावर जोडायला बसली. 'मोरी' जमलं. 'स्वयंपाकघर' जमलं. 'दुपारी'पर्यंत येता येता तिची मान दोनदा पुढे कलंडली. कागद दोन्हीकडून निळा होता. दुसऱ्या वेलांटीचा तुकडा उलटा पडला, की हुबेहूब पहिली होते. सुनेनं ती 'र'च्या आधी चिकटवली, दोन पावलं मागे सरून पाटी पाहिली आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोरीच्या दारावरचं 'मोरी' नीट वाचलं, मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाय धुतले. सुनेनं फरशी पुसली. सव्वादोनला ती पायात चपला घालूनच कोचावर बसली होती. बाई पर्स घेऊन आल्या, त्यांनी कडीला हात घातला आणि त्या थांबल्या.

"हे कोणी लिहिलं?"

सुनेनं वर पाहिलं, आणि मग तिला ती वेलांटी दिसली. लग्न ठरल्यावर तिनं या घरी पाठवलेलं पहिलं पत्र सहा दुरुस्त्यांसह परत आलं होतं.

"शेवटचं अक्षर दीर्घ," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, या दोन वर्षांतला नव्हताच. "'आणि'ला, 'नि'ला सूट आहे. बाकी कुणाला नाही."

"मी नीट करते, बाई."

"तू कशाला? तू शिपाईण ना? ज्यानं लिहिलंय त्यानं पुढे यावं. मी थांबते."

आणि त्या दाराजवळच्या चपलांच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन, खोलीकडे तोंड करून बसल्या. पुढे कुणी येत नव्हतं आणि बाईंना घाई नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अडीचच्या सुमारास सुनेच्या पायातून एक चप्पल गळून पडली. दुसरी कधी पडली ते तिला कळलं नाही.

ती जागी झाली तेव्हा सव्वाचार वाजले होते. बाई तिथेच होत्या.

"अजून कुणी कबूल करत नाही," त्या म्हणाल्या. स्वर तक्रारीचा होता, पण चेहरा नव्हता.

मग ते रोजचंच झालं. बाई चूक पकडत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरत, त्यामुळे एकच वेलांटी रोज ताजी राहत होती. रविवारी नवरा हातात डिंक आणि ब्लेड घेऊन दारापाशी उभा राहिला.

"हे काय, 'दुपारि'? आईच्या घरात? येणारा-जाणारा काय म्हणेल?"

"म्हणू दे. तू हात लावू नकोस."

"अगं, पण चूक आहे ती."

"माहीत आहे. तुझ्या आईला रोज सापडते."

तिनं सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"म्हणजे तू तिला फसवतेस."

"हो. रोज दोन तास. तू बसत असशील तिच्याजवळ, तर आत्ता दुरुस्त करते."

नवऱ्यानं डिंकाचं झाकण लावलं आणि बाटली ड्रॉवरमध्ये परत ठेवली. ननंदेनं 'मोरी'च्या पाटीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, त्याला चोवीस अंगठे आले. कुणीतरी विचारलं, फरक पडला का? ननंदेनं लिहिलं, खूप.

सातव्या आठवड्यातली एक दुपार. सून कोचावर डोळे मिटून पडली होती. 'हे कोणी लिहिलं' ऐकल्याशिवाय तिला आता झोप लागत नसे. पर्सची चेन वाजली, पावलं दाराशी गेली, थांबली. पण पुढे काही आलं नाही. तिनं डोळे किलकिले केले. बाई अक्षरांखाली बोट फिरवत होत्या. बोट त्या वेलांटीवर आलं, तिच्या वळणावरून खाली उतरलं आणि पुढे गेलं.

"दुपारि बाहेर जाऊ नये," बाईंनी वाचलं. "छान. बरोबर आहे."

त्या आत गेल्या, पर्स ठेवली आणि पलंगावर आडव्या झाल्या. पाटीनं पाटीचं काम पहिल्यांदाच केलं होतं. घरात इतकी शांतता होती, की सुनेला झोप आली नाही.

ती उठली, मध्यंतरी आणून ठेवलेला निळा कागद तिनं काढला आणि यंत्राचं झाकण उघडलं. आता तिला समजावायला कुणी लागत नव्हतं. अक्षरं आधी जोडून घेतली, दाब बेतानं ठेवला, मॅट पालथी करून सोलली. 'दुपारी' हा शब्द एकसंध, एका शिरोरेषेला टांगलेला, अख्खा तिच्या हातात आला. जुना शब्द खरवडून तिनं नवा तिथे डकवला, अंगठ्यानं दोनदा दाबला आणि मगच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला बाई दारापाशी थबकल्या.

"हे कोणी लिहिलं?"

सुनेला हायसं वाटलं. ती कोचावरून उठलीसुद्धा. मग तिची नजर पाटीवर गेली.

"ऱ्हस्व असते ती," बाई म्हणाल्या. आवाज तोच होता, तितकाच खणखणीत. "इतकं शिकवून पुन्हा तेच."

सुनेनं नियम सांगायला तोंड उघडलं. तो तिला पाठ होता. सात आठवडे रोज ऐकला होता. तेवढेच दिवस, रोज दोन तास, बाईंनीही त्या एका शब्दासमोर काढले होते. तिनं तोंड मिटलं. बाई बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि वाट पाहू लागल्या.

"मी लिहिलं, बाई," सून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पुढे आलीस, हे चांगलं केलंस. बाकीच्यांसारखी नाहीस. आता पन्नास वेळा लिही. इथेच बस, माझ्यासमोर."

सुनेनं जुन्या डायरीतली कोरी पानं काढली आणि ती बाकासमोर फरशीवर मांडी घालून बसली. 'दुपारि'. 'दुपारि'. बाई पुढे वाकून पाहत होत्या. अकराव्या ओळीला त्यांची हनुवटी खाली आली आणि सतराव्याला त्या भिंतीला टेकून घोरू लागल्या. आता लिहिलं काय आणि नाही काय, बघणारं कुणी नव्हतं. सून मात्र लिहीत राहिली. बत्तिसाव्या ओळीला सवयीनं तिचा हात दीर्घ वळला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, मग ते नीट खोडून वर ऱ्हस्व केलं.

सव्वाचारला पन्नास ओळी पुऱ्या झाल्या. ननंदेचं यंत्र सार्थकी लागलं होतं. नवऱ्याच्या दाराला कुलूप नव्हतं. सुनेच्या सात आठवड्यांच्या दुपारी झोपून झाल्या होत्या, आजची बाईंनी झोपून काढली होती. सगळ्यांना हवं ते मिळालं होतं; गेली ती एक दीर्घ वेलांटी, आणि ती बाईंची होती.