डाव्या गालावरचा वण

न्यूयॉर्कच्या त्या सचित्र साप्ताहिकात लढाई तुकड्यातुकड्यांनी येई. लाकडाचे लहान ठोकळे पेचांनी जोडून एक मोठी फळी करायची, आघाडीवरून आलेलं चित्र तिच्यावर उतरवायचं, आणि मग ठोकळे सोडवून कोरणाऱ्यांत वाटून टाकायचे, म्हणजे अंक वेळेवर निघतो. कुणाच्या वाट्याला घोड्याचे पाय, कुणाच्या वाट्याला नुसता धूर. पुरती लढाई कोणालाच दिसत नसे, आणि लव्हिनिया स्प्रेगला तेच बरं वाटे. तिचा नवरा ऑरिन अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हर्जिनियात लढायला गेला होता आणि मे महिन्यापासून त्याची काही खबर नव्हती. रडणं कधीच संपलं होतं. आता ती आपली कोरत बसायची.

ऑगस्टात तिच्या वाट्याला प्रेतं आली. कुंपणाला लागून पडलेली पाच-सहा माणसं, आणि त्यातला कडेचा ऑरिन होता. तोच रुंद जबडा, डाव्या गालावर तोच घोड्याच्या लाथेचा वण.

तिने ठोकळा टिल्सन मुकादमापुढे धरला.

"चेहरा? अहो बाई, मेलेल्यांना चेहरे काढायला सवड कुणाला आहे इथे? नुसत्या रेघा आहेत. उरका बघू!"

ती उरकायला बसली, पण मिटलेल्या पापण्यांपाशी कोरणी अडली. जेवढं लाकूड कोरून काढावं तेवढा कागद पांढरा राहतो. तिने दोन्ही पापण्यांतून कणभर लाकूड उडवलं, आणि डोळे उघडले.

अंक निघाला तसा टिल्सन तणतणत तिच्या खोलीवर आला. "प्रेत टकामका बघतंय, बाई! लोक हसतायत आम्हाला!" "तो माझा ऑरिन आहे," लव्हिनिया म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्या गॅफ्नीबाई दारात उभं राहून सगळं ऐकत होत्या. त्यांचा धाकटा डेनिस ऑरिनच्याच पलटणीत होता, आणि त्याचाही पत्ता नव्हता.

सप्टेंबरात ऑरिन परत आला. सगळी बिऱ्हाडं जिन्यात लोटली. लव्हिनियाने त्याचा चेहरा ओंजळीत धरला, आणि तिचा अंगठा डाव्या गालावर नुसताच फिरत राहिला. वण उजव्या गालावर होता. ठोकळ्यावर डावीकडे असेल ते कागदावर उजवीकडे उमटतं, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने मात्र वण दिसला तसाच कोरला होता. तिने त्याच्या छातीला कान लावला. ठोके पडत होते, पण उजवीकडे.

तिला ना आनंद झाला, ना भीती वाटली. तिने त्याला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅफ्नीबाई आल्या. डाव्या हाताने सूप पिणाऱ्या ऑरिनकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"तू डावखुरा कधी झालास रे बाबा?"

ऑरिन नुसता हसला. बाईंनी शालीखालून डेनिसचा फोटो काढला आणि लव्हिनियाच्या पुढ्यात ठेवला.

"पुन्हा मेलेली माणसं आली ना तुझ्याकडे, की त्यातला एक माझा कर, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "उलटा आला तरी चालेल."